चौदा ते एकोणीस

पदेराच्या सायकलमागून एका पहाटे दोघं आली,
पाँ-पाँ भोंग्याच्या नादानं, आमच्या पायरीपर्यंत.
एक गोल, खरपूस. त्याचं नाव उंडो.
दुसरी चपटी, कोंड्याच्या रंगाची. ती पोळी.
पदेर पुढे गेला. ही राहिली.

पहिल्या आठवड्यात काय काय गेलं?
डाव्या पायाच्या तीन चपला
(उजव्यांना तोंड लावलं नाही, का ते त्यांना ठाऊक),
विजेचं बिल, रकमेसकट,
शिलाई मशीनचा चामडी पट्टा,
माटोळीसाठी जपलेलं सुंभ,
आणि माझी मोजपट्टी.
अख्खी नाही. चौदा ते एकोणीस.

उरलेली लाल दोऱ्यानं सांधली.
आता चौदानंतर थेट एकोणीस येतात,
पुढच्या प्रत्येक मापातून मी मनात पाच वजा करते.
शेजारच्या फिलोमेनला हे सांगायचं राहिलं.
तिनं स्वतःच्या कंबरेवर चाळीस वाचलं
आणि महिनाभर पाव सोडला.

मग आत्मारामानं पणजीहून हार्नेस आणले,
लाल, तीन-तीन बकलांचे.
अंगावर चढताच उंडोची हाडं विरघळतात.
भिजलेल्या गोणपाटासारखा तो अंगणात पसरतो,
एक डोळा उघडा, माझ्यावर.
पोळी उलट्या पावलांनी चालत
सालीतून सुंगट सुटावं तशी निसटते
आणि रिकामा पट्टा माझ्या हातात
नमस्कार करत लोंबतो.

मला ते लागलं. तीस वर्षं मी शिवतेय.
उतरत्या खांद्यांना झंपर बसवले,
पोक आलेल्या पाठी झाकल्या,
दिवाडीतल्या तीन नवऱ्यांचे कोट उसवून
त्यांच्या जावयांना केले.
आणि एका कुत्र्याच्या अंगाला कापड बसू नये?
अस्तराचं मऊ सुती घेतलं, काख खोल कापली,
कडेला दुहेरी टीप.
उंडो उभा राहिला. चार पावलं चालला.
संध्याकाळपर्यंत त्यानं कापड खाल्लं,
टीप तेवढी ठेवली.
निदान माझी टीप पक्की, एवढं तरी कळलं.

इंजेक्शनला रायबंदरला न्यायचं होतं.
फेरीबोटीच्या फळीवर, ऐन मधोमध, गोणपाट झालं.
मागे स्कूटरांची रांग, मासळीच्या पाट्या,
हॉर्नवर हॉर्न.
वरून खलाशी ओरडला, ‘बाये, उखल गो ताका!’
उखलला.
पाण्याचा आवाज थांबला असं वाटलं,
मग कळलं, माझ्याच पाठीत काहीतरी कट् झालंय.
उंडो माझ्या खांद्यावरून
मांडवी बघत होता, खुशीत.

मला पट्टा मिळाला.
चार बोटं नव्हे, वीतभर रुंद, आत पोलादी पात्या,
‘दिवसभर बांधायचा, मावशी.’
कुठे काचतो ते आता मला माहीत आहे:
शेवटच्या बरगडीखाली, श्वास वळतो तिथे.
बांधला की मीही भिंतीला टेकून बसते
आणि कुणी चल म्हटलं तर चालत नाही.
आत्माराम मानशीवर गळ घेऊन गेला
की दाराआड सोडून टाकते.
वेल्क्रोचा चर्रर्र आवाज होतो,
दोघं खाटेखाली पळतात.
‘तुमचा नाही रे,’ मी सांगते, ‘माझा.’
कुणी विश्वास ठेवत नाही.

काल रात्री तो मुद्दाम जमिनीवर ठेवला,
उंडोच्या नाकापाशी. म्हटलं, खा.
चपला खाल्ल्यास, बिल खाल्लंस,
माझे पाच इंच खाल्लेस, हाही खा.
त्यानं हुंगलं, शिंकला,
आणि हनुवटी त्यावर ठेवून झोपला.

पहाटे भोंगा. दोघं मोकळ्या अंगानं फाटकापाशी,
मागून मी, पाठ धरून.
पदेर टोपलीवरचं प्लॅस्टिक उचलतो. ‘कितले?’
‘चार उंडे,’ मी म्हणते.
पाचवा मान वर करतो.