आठ मीटर

दहा मीटरवर दोघे उभे राहिले तरी गाता येतं, कसंबसं.
आठवर नीट.
हे मी कुतैसीच्या कॉलेजात दरवर्षी शिकवते:
आवाजाला एक मीटर चालायला तीन मिलिसेकंद लागतात,
पंचविसाच्या पलीकडे गेला
की गाणारा समोरच्यासाठी थांबू लागतो,
समोरचा त्याच्यासाठी,
आणि दोघे मिळून गाणं बुडवतात.

सकाळी उचा आणि ताराश आले. बुटांना चिखल.
स्वानेतीचा रस्ता दोन ठिकाणी बर्फाखाली गेलाय,
वर गावात बिमुर्झामामा गेला,
आणि मरणाचं गाणं तिघांनी म्हणायचं असतं.
त्याला शब्द नसतात, गुरांदा, ताराश म्हणाला,
जणू मला माहीत नाही.
नुसते स्वर. मागेपुढे झालं तर धरायला काहीच नाही.
तिसरा, खर्जाचा, पिरुझ,
वरच होता, मढ्याजवळ.

शाळेत फोन लावला, ख्वारामझेबाईंना.
वायफाय बंद करा. हो, सगळ्या खोल्यांतलं.
केबल शोधा, लांबातली लांब.
मुलांच्या संगणकखोलीतून निळी वायर निघाली,
खिडकीतून, बर्फावरून, बुरुजाला वळसा घालून
मामाच्या अंगणात.
नव्वद मीटर. खुराड्याच्या छपरावर तिच्यावर दगड ठेवला,
कोंबड्यांचा काय भरवसा.

मग आकडे.
बफर दोनशे छप्पन्न: सुरक्षित आणि निरुपयोगी.
एकशे अठ्ठावीस: उचा म्हणाला, पिरुझ एवढा म्हातारा कधी झाला?
चौसष्ट: तव्यावर मक्याचे दाणे फुटावेत तशी तडतड.
लॅपटॉपवर जे जे पाठीमागून चालतं ते ते बंद केलं.
कोपऱ्यातलं घड्याळही लपवलं.
त्यानं काही फरक पडत नाही, तरी लपवलं.
तडतड थांबली.
एका बाजूनं बावीस.
आवाज इथून तिबिलिसीला जात होता,
तिथून मागे फिरून डोंगर चढत होता,
तरी बावीस. सात मीटर आणि वर थोडं.
पलंगाच्या या बाजूला दोघे, त्या बाजूला एक,
असं समजा.

आणि चित्र? ख्वारामझेनं विचारलं.
चित्र जड असतं. मागाहून येईल.
दोन्ही जुळवायची तर आवाजाला त्याच्यासाठी ताटकळत ठेवावं लागतं,
ते मी करणार नव्हते.
आजच्या दिवशी ही म्हण बोलू नये,
पण वरातीमागून घोडं. येऊ दे त्याला.

पिरुझ हेडफोन घालेना.
स्पीकर लोकांकडे वळवलाय, मी समजावलं,
तुम्ही त्यावर ऐकलंत तर आवाज माइकमध्ये शिरेल,
गोल गोल फिरेल.
मढ्यासमोर डोकं उघडं ठेवतात, तो म्हणाला.
मग ख्वारामझे म्हणाली,
ही टोपी नव्हे, पिरुझ. हे कुतैसीचे कान आहेत.
त्यानं आपली राखाडी टोपी गुडघ्यावर ठेवली
आणि ते कान घातले, दोन्ही हातांनी,
गरम भांडं उचलावं तसे.

उचानं स्वर लावला. ताराश त्याला बिलगून.
खालून पिरुझ आला.
मी आकडे बघत होते.
बावीस. बावीस. चोवीस.
चोविसावर उचानं डोळे मिटले, त्याला कळलं असावं,
आणि तो थांबला नाही.
बावीस.
चित्रात पिरुझचं तोंड तेव्हा बंदच होतं.

चार मिनिटं.
नोंदीत आलंय, तीन पॅकेटं वाटेत हरवली.
मी ताराशला सांगितलं.
कोण तिघं, तो म्हणाला.

मग माझ्या कानात खट् झालं. तिकडे पिन उपटली गेली.
स्क्रीनवर पिरुझ अजून बसलेला होता,
टोपी गुडघ्यावर, तोंड उघडं.
उठायचा होता अजून.