वगळून

विश्रामबागेत, चष्म्याच्या दुकानाच्या वर
शीतल चौगुलेची विम्याची खोली.
त्यानं फॉर्म माझ्याकडं वळवला
आणि एका रकान्यावर पेन आडवं ठेवलं.
आधीपासूनचे आजार.
काकू, इथं नका की काही लिहू.
सात वर्षं झाली. दिसतंय का कुणाला?

दिसत नाही, खरं आहे.
कापसाची पुरचुंडी माझी मीच शिवते,
आत मूठभर मोहरी घालून,
नाहीतर वजन भरत नाही,
डावा खांदा वर जातो.

एकतीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीच्या अडतीवर मी वह्या लिहिल्या.
पोत्यातनं एक हळकुंड उचलायचं,
कट्कन मोडायचं, आतला रंग बघायचा,
त्या तुकड्यावर अख्ख्या थप्पीचा भाव.
मिरजेत डॉक्टरांनी तुकडा काढला
तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही.
फक्त या वेळी पोतं मी होते.

म्हणून सांगते शीतल, माल ओला तर ओला लिहायचा.
घट धरायची, भाव पाडून घ्यायचा.
वाळका म्हणून दडपला
तर आतल्या आत काळा पडतो
आणि शेजारचं पोतंही नासवतो.
उद्या तिकडं श्टुटगार्टात मी आडवी झाले
आणि ओल्या बाळंतिणीच्या हातात
नाकारलेला क्लेम, असं नको.

पहिल्या कंपनीनं फोनवरच नमस्कार केला.
दुसरीनं सात वर्षांचे कागद मागितले,
झेरॉक्सवाला म्हणाला, काकू, जमिनीची केस काय?
तिसरी म्हणाली, घेतो.
हप्ता दीडपट, आणि खाली मुंगीच्या अक्षरात
कर्करोग, त्याचे उपचार, त्यातून उद्भवणारे
सर्व काही वगळून.

दीडपटीचं मला काही नाही.
जोखीम बघून भाव, जन्मभर तेच पाहिलं.
पण ‘वगळून’वर बोट ठेवून बसले.
म्हणजे विमानात चढणार ती कोण?
गुडघे धरून, मोतीबिंदू धरून,
हरवलेल्या बॅगेलासुद्धा जागा आहे बघ यात,
तेवढं एक सोडून.

मग हसूच आलं.
अरे, वगळायचं ते तर मी
मिरजेत स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून आले,
पावतीसुद्धा न घेता.

शीतल हसला नाही.
पंख्याचं बटण उगाच फिरवलं.
मग खालच्या आवाजात म्हणाला,
आमच्या आईचं गर्भाशयाचं होतं.
आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.
तिलासुद्धा.

खाली रस्त्यावर कुणीतरी
हॉर्न सोडतच नव्हतं.
मी चहाचा कप त्याच्याकडं सरकवला
आणि फॉर्म माझ्याकडं.

होता की आहे, ते रकान्यात नव्हतं.
मी नाव लिहिलं, बाजू लिहिली, साल लिहिलं.
पुढचा रकाना परतीचा.

तपासणी ते तपासणी,
सहा-सहा महिन्यांच्या पुड्या बांधून जगते मी.
त्रिशलाला डिसेंबरची तारीख दिलीय.
मार्चात मला मिरज.
मधल्या पुडीत एक बाळ बसतं,
तिकडची थंडी बसते,
डिंकाचे लाडू दोनदा वळायला वेळ बसतो.
दाबून बसवलं तर बाळाचं पहिलं हसूही.

अकरा फेब्रुवारी, मी म्हटलं.
शीतल ड्रॉवर चाचपत होता,
पेन्सिलनं घाला काकू, हवं तर, बदलता येईल.

पेनच दे.
वहीत मी तारीख
कधी पेन्सिलनं घातली नाही.