पितळ उघडं पडताना

आधी रंगाकडे बघू नकोस, मायालेन.
रंग बोलका असतो. बोलक्यांचं शेवटी ऐकू.
आधी उलटी कर तिला,
सीट-हँडल खाली, चाकं वर,
बाजारात कोंबडी धरतात तशी.

मागे कार्मेलो, हात खिशात.
"मेव्हण्याची आहे. फक्त रविवारी चालवलेली,"
तिसऱ्यांदा सांगतोय.
त्याच्या गॅरेजचं शटर अर्धंच वर आहे.
ते पूर्ण उघडायला लाव त्याला. अंधारात सगळ्याच सायकली तरुण.

पेडलांच्या मधल्या बुडाशी, चिखल साठतो तिथे,
नखानं खरवड.
आकडे लागतील, एकेक हातानं ठोकलेले,
पाचाचं पोट जरा तिरकं.
स्टिकर रात्रीत चिकटवता येतो, आकडा नाही.
हो, पाहिला मी तो स्टिकर. इटालियन नळ्या म्हणे!
पन्नास वर्षांच्या कपाळावर कालचा टिळा.
आत्ता बोलू नकोस. किंमत ठरताना बोलू.

आता खालची तिरकी नळी.
मानेच्या मागे, चार बोटांवर,
डोळे मिटून अंगठा फिरव.
सुरकुती लागते? अगदी मसुरीएवढी?
भिंतीला धडकलेली सायकल
तोंड सरळ करून घेते,
मान विसरत नाही.
नाही लागत? पुन्हा बघ. सर, मला बघू दे.
नाही.
बरं.

दोरा काढ. माझ्या कोटात, डाव्या खिशात, पेपरमिंटच्या खाली.
मागच्या चाकाच्या एका कानापासून
मानेला वळसा, आणि परत दुसऱ्या कानाला.
मधल्या नळीपासून अंतर मोज.
एकतीस. आणि इकडे?
तेहतीस.
माणसाचे खांदे याहून वाकडे असतात,
पण आपण माणूस विकत घेत नाही आहोत.

पेडलच्या भोकापाशी केसाएवढी रेघ आहे:
ग्रीस की तडा? थुंकी लाव, पूस.
गेली? मग ग्रीस.
साखळी ताणलेली. मागची रिम झिजून खोलगट.
मोजतेस ना? मी मोजतोय.

आणि मग किल्लीनं मी जोडावरचा रंग जरासा खरवडतो.
"अहो, अहो!" कार्मेलो.
आत पितळ.
पितळ उघडं पडलं की माणसं खाली बघतात.
मी वाकून जवळून बघतो.

अठ्ठावीस वर्षं हेच केलं मी या एइबारमध्ये,
नदीकाठच्या कारखान्यात.
आज्यांनी बंदुकीच्या नळ्या केल्या, आम्ही या.
हा डाख कडेपर्यंत आत गेलाय,
एक बुडबुडा नाही. घाई नसलेल्या हाताचं काम.
माझं नव्हे; मला सोमवारी फार घाई असायची.
होसेपाचं असेल. किंवा दुसऱ्याच गावातल्या कुणाचं.
सांगता येत नाही, कानस सगळ्यांची सारखीच होती.

सीटचा दांडा मात्र हलत नाही.
तेल घातलं, पिळलं, हातोडीनं हळूच विचारलं.
ॲल्युमिनियम आणि पोलाद, इतक्या वर्षांच्या घामात
एकमेकांना धरून बसलेत.
बाकीचं सगळं बदलून मिळतं.
हा दोष नववा, आणि सगळ्यात वाईट.
घेऊ नकोस, म्हणतो मी.

ती तोवर बसलेलीही असते.
टाच पेडलवर, गुडघा नेमका सरळ,
ना बोटभर वर, ना बोटभर खाली.

"मेव्हणा बुटका होता का रे?"
कार्मेलो पहिल्यांदाच हात खिशातून काढतो.
"बहीण चालवायची," म्हणतो. "रोज.
घाट चढून कामाला. बाईची सायकल म्हटलं
की लोक भाव पाडतात, म्हणून…"

मायालेन ब्रेक दाबून बघतेय, उगाच, पुन्हा पुन्हा.
मी दोरा गुंडाळून खिशात टाकतो.
स्टिकरचे तीस कमी कर, म्हणतो.
आणि बहिणीचं नाव सांग.