खपली

ॲटरक्लिफला, कालव्याच्या वरच्या अंगाला
चौदा पत्रे उभे केले आम्ही,
सहा मिलिमीटर जाड, छातीइतके उंच,
उतारावरची माती अडवायला.
ट्रकमधून उतरले तेव्हा राखाडी होते,
अंगावर कारखान्याचा निळसर पापुद्रा.
वाळूचा मारा करून तो आधी काढावा लागतो.
उघडं झालं अंग, की मग पाऊस.

नुसता पाऊस उपयोगाचा नाही.
भिजायचं, पुरतं वाळायचं, परत भिजायचं.
यातल्या पहिल्या कामात
शेफील्ड तरबेज आहे.

दुसऱ्या आठवड्यात हळदीत चुना पडावा तसा रंग आला.
तिसऱ्या महिन्यात ओघळ.
खालची फिकट फरशी मीच निवडली होती,
नकाशावर फार शोभत होती.
तिच्यावर आता कुणी पान खाऊन थुंकल्यासारखे डाग.
ऑक्सली बाईंनी कौन्सिलला लिहिलं:
भिंत नवी आणि आत्ताच गंजली? कुणाच्या पैशांनी?
सोबत नातवाच्या क्रीम रंगाच्या पॅन्टचा फोटो,
मागून काढलेला.
मी उत्तरात गंज हा शब्द टाळला.
लिहिलं, पृष्ठभाग अजून स्थिरावतो आहे.
पायथ्याशी वीतभर खडी टाकायला हवी होती,
ते नाही लिहिलं.

रॉयस्टन स्टॅनिफोर्थ रोज अकराला येतो,
मागे एक म्हातारी कुत्री.
एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली त्याने.
म्हणाला, असला पत्रा आमच्या पाळीत निघाला असता
तर फोरमनने आमचे पूर्वज काढले असते.
आणि तुम्ही जास्त पैसे मोजून आणता?

मी समजावलं. थोडं तांबं, थोडं क्रोमियम, निकेल.
साधा गंज सुटत जातो, हा घट्ट बसतो,
आतल्या लोखंडाला मग हवा लागू देत नाही.
तो ऐकत राहिला, मग म्हणाला, स्कॅब.
म्हणजे खपली.
आणि म्हटल्या म्हटल्या तोंड असं केलं
जसं दाताखाली खडा आला.

इथे तो शब्द संप फोडणाऱ्यालाही लावतात.
ऐंशी साल, तेरा आठवडे, गेटवर बर्फात पेटवलेला पिंप.
नवव्या आठवड्यात एक व्हॅन आत गेली,
खिडकीला जाळी,
जाळीआड धाकटा भाऊ, लेन.
त्याला दोन लहान मुलं होती, रॉयस्टन म्हणाला,
आणि एवढंच म्हणाला.
लेन आता स्कारबरोला असतो, समुद्रासमोर.
नाताळचं कार्ड येतं. त्याची बायको लिहिते.

आमच्या भाषेत खपलीला फक्त जखम असते.
हे त्याला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.
भिंतीमागची पोकळी दाखवली त्याऐवजी:
माती पत्र्याला टेकू द्यायची नाही,
आत पाणी मुरत राहिलं
तर पुढून रंग सुंदर दिसतो
आणि पत्रा मागून जातो.

वेंगुर्ल्याला बाबा दर वर्षी खिडकीचे गज घासायचे,
पॉलिश पेपर, मग शेंदरी हात, मग हिरवा ऑइलपेंट,
आणि वर्षभरात परत पोपडे.
त्या खाऱ्या हवेत माझी ही भिंत टिकली नसती.
मिठाशेजारी खपली धरतच नाही,
कितीही वाट पाहा.
पुस्तकात हे एका ओळीत आहे.

दुसरा हिवाळा गेला. रंग काताकडे झुकला,
सावलीच्या बाजूला जांभळट.
ओघळ थांबले. फरशीवरचे डाग आहेत तसेच,
ऑक्सली बाई आता त्यावर कुंडी ठेवतात, बरोबर मधोमध.

काल रॉयस्टनने सातव्या पत्र्यावर अंगठा ओढला,
जोर देऊन, कारखान्यात ओढत असेल तसा.
मग चष्मा वर करून अंगठा पाहिला.
किंचित लागला होता रंग.
अजून एक हिवाळा, तो म्हणाला,
मला की कुत्रीला, कळलं नाही.