एकच चौकोन

उपग्रहाला नागपुरातलं, तांडापेठेतलं
सोनकुसरेबाईंचं घर, शेजारची पिठाची चक्की
आणि मधला कडुलिंब
मिळून एकच चौकोन दिसतो. करडा.
यादीत मी लिहिलंय : बांधकाम.

खात्री करायला गेलो
तर बाईंनी पलंग सरकवला,
"भादव्यात इथून पाणी येते जी.
नळाचं नाही. खालचं."
ओल भिंतीवर कमरेपर्यंत चढलेली,
वर लुगड्याच्या काठासारखी रेघ.

ऑफिसात जुना नकाशा
चार कोपरे टाचून
नव्यावर अंथरला.
बुजलेल्या तलावाचा निळा काठ
बरोब्बर त्यांच्या पलंगाखालून जातो.

रकाना एकच आहे.
घर लिहू की पाणी?

लिहिलं : दोन्ही.
सॉफ्टवेअर म्हणालं, अमान्य.

कडुलिंबाचं तर
मीही विचारलं नव्हतं.