घंटागाडीवरचं गाणं

सिडकोच्या मैदानात, आठ मार्चला, ते पहिल्यांदा वाजलं.
सातपूरच्या श्रावस्ती गांगुर्डेनं म्हटलेलं:
‘थांबायची नाय, मी थांबायची नाय.’
नगरसेवकानं सोडतीत पैठणी दिली,
माझा नंबर एकानं हुकला.

मग ते सगळीकडे झालं.
लेकीच्या गॅदरिंगला बाईंनी दुसरं कडवं गाळलं,
त्यात नवऱ्याचं ताट होतं.
आमच्या ह्यांनी आधी मांडीवर ताल धरला,
मग शब्द ऐकू आले,
मग टीव्हीचा आवाज वाढला.
सासूबाई म्हणाल्या, चाल बरीय,
आरतीला बसेल.

आता महापालिकेनं ते घंटागाडीला दिलंय.
रोज सव्वासातला
‘थांबायची नाय’ म्हणत गाडी
कोपऱ्यावर थांबते
आणि आम्ही साऱ्याजणी
ओला डबा, सुका डबा घेऊन धावतो.
हसू येतं. रागही येतो, पण हात भरलेले असतात.

गाडीवर मालन असते, हातमोजा एकच.
परवा विचारलं, दिवसभर ऐकून वीट नाही येत?
म्हणाली, ‘ताई, शेवटचं कडवं
ह्या वॉर्डात कोणी ऐकलेलंच नाही.
तोवर आपण पुढच्या गल्लीत.
मला पाठ आहे.’
आणि माझा डबा उपडा करून
तळावर दोन थापा मारल्या,
अगदी समेवर.

आज डबे फाटकाशीच ठेवले
आणि निघाले गाडीमागं.
गाऊनवर ओढणी,
पायात ह्यांच्या चपला,
गॅसवर दूध.