ओतिलियाबाईंची टोपी

ओतिलियाबाई, आचाओच्या दवाखान्यातून रोसामेल बोलतोय.
आवाज पोचतोय का? ओव्हर.

पोचतोय. बरं. आता बोलून झालं की बटण सोडायचं,
धरून ठेवलंत तर मला नुसती तुमची किटली ऐकू येते.

नर्सबाई लसी घेऊन पलीकडच्या बेटावर गेल्यात.
मी आपला रेडिओ सांभाळणारा,
पण त्यांची वही उघडी आहे माझ्यापुढे:
दाताची टोपी निघाली तर.

गिळली नाहीत ना? ओव्हर.

सुटलो. मिल्काओत सापडली म्हणता,
बटाट्याच्या त्या चिकट पोटात,
आणि आधी वाटलं, चरबीचाच खडा.
नाही, मी नाही हसत.
हसतोय तो मासेमारीवरचा उलीसेस.
उलीसेस, चॅनल सोड.
तुमचाच भाचा बाई; आपलेच दात, आपलेच ओठ,
मी काय बोलणार.

आता ती धुवायची. थांबा!
आधी मोरीच्या भोकात फडकं कोंबा.
मागच्या थंडीत एका मास्तरांची टोपी धुता धुता गेली,
एखादा खेकडा घालून हिंडत असेल
खाडीच्या तळाशी, रुबाबात.

आत बघा. पोकळ आहे?
की दाताचा तुकडा मोडून आतच राहिलाय?
पोकळ. उत्तम. म्हणजे दात घरी आहे,
फक्त उघडा पडलाय.

कसा दिसतो म्हणालात?
झिजलेल्या पेन्सिलीएवढा. हो, तसाच असतो.
अकरा वर्षं अंगावर कपडा होता त्याच्या,
आता गार पाणी लागलं तर किंचाळणारच.
लवंगेचं तेल आहे का? कापसाच्या टोकावर, एकच थेंब.
आणि चावायचं दुसऱ्या बाजूनं.

नाही!
बाई, नाही. तो डबा जागेवर ठेवा.
माहीत आहे मला, एरास्मोनं त्याच गोंदानं
बोटीची भेग बुजवली आणि ती सात वर्षं तरली.
तोंड म्हणजे बोट नव्हे.
एकदा चिकटलं की डॉक्टरलाही सुटायचं नाही,
वर हिरडी भाजेल ती वेगळीच.

दंतवैद्याची लाँच मंगळवारी येते, वारा असेल तर बुधवारी.
तोवर टोपी काड्यापेटीत,
आणि काड्यापेटी अशा ठिकाणी, जिथं तुम्ही दुसरं काही शोधत नाही.
रात्री नुसती बसवून झोपू नका.
झोपेत माणूस काय काय गिळतो,
जागेपणीचं तर विचारूच नका.

रविवारी? रविवारी मुलगा येतोय, पुंता अरेनासहून,
सूनबाईला पहिल्यांदा घेऊन.
समजलं.
समोरचाच दात आहे, तेही समजलं.
पण तोंड मिटून बसेन म्हणता,
तुम्ही?

(उलीसेस, चॅनल सोड म्हटलं ना. आणि तो दुसरा कोण?)

ऐका. वहीत हे लिहिलेलं नाही.
माझी टोपी गेली होती माझ्या साखरपुड्याला.
मी दिवसभर हात धरून बसलो तोंडावर.
बायको आजही म्हणते,
मला वाटलं, ह्या माणसाला मी आवडलेली नाही.
तेव्हा हसा. पोरीला भोक दिसू दे.
ओव्हर.

ओतिलियाबाई?

बटण दाबलेलंच आहे.
म्हणजे आता मी काही बोललो तरी पोचणार नाही,
मीच काय, कुणीच.
किटली. पत्र्याखालचा वारा.
खुर्ची सरकते, कुत्रं उठून पुन्हा बसतं.
काड्यापेटी उघडल्याचा आवाज,
मग बारीकसं काहीतरी तिच्यात पडतं.
चमचा कपात फिरतो, बराच वेळ फिरतो.
जिच्या चहात, अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे,
साखर नसते.

मी नोंदवहीत वेळ टाकतो: सहा चाळीस.
सल्ला दिला.
चॅनलवर नऊ बोटी.
सगळ्या गप्प.